वाचकांचे प्रश्न : वहीतला पारा आणि दिवसाची सरासरी

प्रश्न : माझ्या आजोबांनी नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात १९५२ पासून रोजचं कमाल आणि किमान तापमान वहीत लिहून ठेवलं. तापमापक यू आकाराचा, मागच्या पडवीत टांगलेला. आकडे फॅरनहाइटमध्ये आहेत. सुरुवातीच्या वह्यांवर ‘स. ७, स्नानानंतर’ असं लिहिलंय, १९५७ पासून मात्र ‘सायं. ६’ दिसतं. वह्या माडीवर होत्या म्हणून पानशेतच्या पुरातून वाचल्या. त्या जुलैपासूनची पानं कोरी आहेत आणि नोव्हेंबर १९६१ पासूनच्या नोंदी एरंडवण्यातल्या नव्या घराच्या आहेत. सगळं एक्सेलमध्ये भरून रोजची सरासरी काढायची आणि पुणं तेव्हापासून किती तापलं ते पाहायचं, असं मनात आहे. कमाल अधिक किमान भागिले दोन, एवढं पुरे का?
— एक वाचक, एरंडवणे

उत्तर : सूत्र तेवढंच. भारतात आणि इतर बऱ्याच देशांत जुन्या नोंदींवरून दिवसाची सरासरी अशीच काढतात. पण भागाकाराला हात घालण्याआधी तुमच्या प्रश्नातल्या ‘स. ७’ आणि ‘सायं. ६’ या दोन शेऱ्यांकडे बघा. तुमच्या साऱ्या कामाचा जीव त्यांत आहे. जुन्या नोंदवह्या तपासण्यात माझी सारी नोकरी सरली आणि आजही कुणी वही पुढे ठेवली की मी आधी आकडा बघत नाही, वेळ बघते.

यू आकाराच्या तापमापकात पाऱ्यावर दोन बारीक सूचक असतात. पारा त्यांना ढकलतो आणि मागे सरतो, सूचक मात्र जिथवर गेला तिथेच थांबतो. वाचून झालं की लोहचुंबकाने ते पुन्हा पाऱ्याला टेकवायचे. म्हणजे आजोबांनी वाचलेला आकडा त्या तारखेचा नव्हे, तर आधीच्या वाचनापासून त्या क्षणापर्यंतच्या २४ तासांचा.

आता सकाळी ७ ची वही घ्या. त्या वेळी लिहिलेलं किमान त्याच पहाटेचं, पण कमाल मात्र काल दुपारचं. तेव्हा १९५७ पूर्वीच्या वह्यांत कमालीचा रकाना एक ओळ वर सरकवावा लागेल. अर्थात, आजोबांनी स्वतःच तो सरकवून लिहिला नसेल तरच. हे ओळखायचं कसं? समासातले शेरे वाचा. ‘दिवसभर झड’ असं १४ तारखेपुढे लिहिलंय आणि कमाल घसरलंय १५ च्या ओळीत, असं दोन-चार ठिकाणी दिसलं की रकाना सरकवायचा. संध्याकाळच्या वहीत ही भानगड नाही. पहाटेचं किमान आणि दुपारचं कमाल, दोन्ही त्याच तारखेची.

संध्याकाळच्या वहीत दुखणं वेगळं आहे. एप्रिलमधला एक सोमवार धरा, कमाल ४० अंश सेल्सिअस. सायंकाळी ६ ला पारा अजून ३७ वर, आणि सूचक तिथेच टेकवला. मंगळवारी आभाळ आलं, दुपारी पारा ३४ च्या वर गेलाच नाही. तरी संध्याकाळी सूचक दाखवतो ३७, कारण सोमवारी वाचून झाल्याक्षणी तो ३७ वरच होता. तापलेला सोमवार दोनदा मोजला गेला. सकाळी ७ च्या वहीत नेमकं उलट होतं. पहाटेच्या थंडीत सूचक टेकवला की कडाक्याची पहाट दुसऱ्या दिवसाच्या खात्यातही उतरते. म्हणून सकाळच्या वह्यांची सरासरी खऱ्यापेक्षा थोडी गार येते आणि संध्याकाळच्यांची थोडी ऊन. दोन्ही एका आलेखावर काढल्या, तर १९५७ साली पुणं एकाएकी तापलेलं दिसेल. प्रत्यक्षात बदलली असेल फक्त आजोबांची वाचायची वेळ. अमेरिकेत हजारो हौशी निरीक्षकांच्या वेळा संध्याकाळवरून सकाळवर आल्या तेव्हा असाच उलटा, गार झाल्याचा भास नोंदींत शिरला आणि तिथल्या शास्त्रज्ञांना तो हिशेब करून काढावा लागला. आपल्या हवामान खात्याच्या वेधशाळांत सकाळी साडेआठची मुख्य वेळ ठरलेली आहे. जागतिक वेळेने तेव्हा ३ वाजलेले असतात.

वळवाचा पाऊस मात्र कुठल्याही वेळेला जुमानत नाही. मे महिन्यात दुपारी ३९ असतं, पाचला गारा पडतात आणि अर्ध्या तासात पारा २२ वर येतो. पहाटे तो २४ असेल तर त्या दिवसाचं किमान संध्याकाळी घडलं. वहीत ते कुठल्या तारखेला लागेल हे पाऊस सहाच्या आधी आला की नंतर, यावर ठरणार. अशा दिवसांपुढे खूण करून ठेवा. दुरुस्त करू नका.

फॅरनहाइटचं रूपांतर सगळ्यात शेवटी करा. समजा जानेवारीतल्या एका दिवशी किमान ४९ आणि कमाल ८५ आहे. सरासरी ६७. त्यातून ३२ वजा करून ५ ने गुणलं, ९ ने भागलं की १९.४ अंश सेल्सिअस. हेच आकडे आधी पूर्णांकात बदलून ९ आणि २९ केले तर सरासरी येते १९, म्हणजे चार दशांश अंश गेले कुठच्या कुठे. तुम्ही शोधताय तो फरकच मुळात अंश-दीड अंशाचा असू शकतो, त्यामुळे हे चार दशांश फार मोलाचे आहेत. दुसरं म्हणजे कमाल-किमानातलं अंतर काढताना ३२ वजा करायचे नाहीत. ३६ फॅरनहाइटचं अंतर म्हणजे सरळ २० सेल्सिअस. ३२ वजा केलेत तर २.२ येईल आणि जानेवारीतलं कोरडं पुणं मुंबईच्या पावसाळ्यासारखं दिसेल. छापील जुन्या आकड्यांमागेही फॅरनहाइट दडलेलं असतं. पुण्यात ३० एप्रिल १८९७ ला नोंदलेलं ४३.३ म्हणजे फॅरनहाइटचे ११०, आणि १७ जानेवारी १९३५ चं १.७ म्हणजे ३५.

भरताना देवनागरी आकड्यांना जपा. घाईत लिहिलेला १ आणि ९, तसेच ५ आणि ६, सारखे दिसतात. भरताना आकडे उलटून ५८ चं ८५ही होतं. किमान कमालीपेक्षा मोठं आलं, किंवा आदल्या दिवसापेक्षा २० अंशांनी उडी पडली, तर मूळ पान उघडून पाहायचं. आकड्याखाली दोन छोट्या रेघा असतील तर ‘वरचाच आकडा’ असा त्यांचा अर्थ, कोरी जागा नव्हे. आणि खरोखर कोऱ्या असलेल्या जागी शून्य भरू नका. शून्य फॅरनहाइट म्हणजे उणे १७.८ सेल्सिअस, आणि एक्सेल तो आकडा निमूट सरासरीत धरतं. दोनपैकी एकच आकडा असेल तर त्या दिवसाची सरासरी नाही, विषय संपला.

आता पूर. १२ जुलै १९६१ नंतरची पानं कोरी आहेत, त्यांना कोरीच राहू द्या. जागतिक हवामान संघटनेच्या सध्याच्या शिफारशीप्रमाणे महिन्यात ११ किंवा जास्त दिवस, अथवा सलग ५ दिवस, नोंद नसेल तर त्या महिन्याची सरासरी काढत नाहीत. म्हणजे तुमचा जुलै गेला, ऑगस्ट ते ऑक्टोबरही गेले आणि १९६१ ची वार्षिक सरासरीही गेली. उरलेल्या आठ महिन्यांची सरासरी काढायचा मोह होईल, पण ते पावसाळा वगळलेलं पुणं असेल. इतर वर्षांचे आकडे आणून ती भोकं बुजवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. पुराने घरं नेली, वाडे पाडले. त्या वहीतला कोरेपणा हीसुद्धा त्या वर्षाची नोंदच आहे.

नोव्हेंबरपासूनची मालिका वेगळी धरा. दाट वस्तीतल्या वाड्याची पडवी आणि तेव्हाचं मोकळं एरंडवणं, दोन्हीकडची रात्र एकसारखी निवत नसणार. दगडी भिंत दिवसभराची ऊब रात्री सोडते आणि किमान वर राहतं. म्हणजे तुमच्या हातात एक नव्हे, तीन मालिका आहेत : वाडा सकाळ, वाडा संध्याकाळ आणि एरंडवणे.

त्या जोडायला एक रस्ता आहे. हवामान खात्याचं राष्ट्रीय विदा केंद्र (नॅशनल डेटा सेंटर) पुण्यातच, शिवाजीनगरला आहे. आपण ज्याला शिमला ऑफिस म्हणतो तोच परिसर. तिथून शिवाजीनगर वेधशाळेच्या त्याच वर्षांच्या रोजच्या कमाल-किमान नोंदी मागवा. मग प्रत्येक दिवशी ‘वही वजा वेधशाळा’ असा एक नवा रकाना काढा आणि त्याची महिनावार सरासरी बघा. १९५७ ला आणि १९६१ ला या फरकाने पायरी घेतली असेल तर ती पायरी वेळेची किंवा जागेची, पुण्याच्या हवेची नव्हे. तेवढी वजा करून मगच मालिका जोडा. खात्याची १९५१ पासूनची चौकटवार तापमानं, म्हणजे नकाशाच्या एकेका चौकटीला एक आकडा अशी, फुकट मिळतात, पण ती चौकट अक्षांश-रेखांशाच्या एका अंशाची, म्हणजे शंभरएक किलोमीटर लांब-रुंद असते. त्यात घाट आणि पठार एकत्र येतं. तुमच्या वाड्याला ती लावू नका.

प्रश्न : मला एका स्वयंचलित केंद्राच्या तासातासाच्या नोंदी मिळाल्या आहेत. सगळ्यांची सरासरी आणि कमाल-किमानाची सरासरी जुळत नाही. खरी कोणती? प्रकल्पात पन्नास वर्षांपूर्वीच्या पुण्याशी तुलना करायची आहे.
— एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : दिवसाच्या हवेच्या जास्त जवळ जाणारी सरासरी तासातासाचीच. हिवाळ्यातला एक दिवस धरू. पहाटे अडीचपासून दर तीन तासांनी १४, १२, १४, २४, २९, २७, २१, १७. या आठांची सरासरी १९.७५. मधल्या वेळांत कमाल ३० आणि किमान ११ झालं असेल तर त्यांची सरासरी २०.५. पाऊण अंशाचा फरक. कारण असं की ऊन भराभर चढतं, दुपार थोडा वेळ टिकते आणि रात्र मात्र लांबलचक पसरते. कमाल-किमानाच्या सूत्राला ती लांबी दिसत नाही. जुलैत आभाळ भरलेलं असताना हा फरक अगदी किरकोळ होतो. युरोपात जर्मनीतल्या मानहाइमहून १७८० साली निरीक्षणांचं जाळं उभं राहिलं तेव्हा सकाळी ७, दुपारी २ आणि रात्री ९ या वेळा ठरल्या. पुढे रात्रीच्या नोंदीला दुप्पट वजन देऊन बेरजेला चाराने भागायची रीत पडली, ती रात्रीच्या याच लांबीसाठी.

तरीही तुमच्या तुलनेसाठी कमाल-किमानाचीच सरासरी वापरा. पन्नास वर्षांपूर्वीचे तुमच्या हाती येणारे आकडे बहुधा त्याच रीतीचे असतील. जुनं एका मापाने आणि नवं दुसऱ्या मापाने मोजलंत तर वर दाखवलेल्या दिवसासारखे दिवस मिळून पुण्याची खरी तापवाढ झाकून टाकतील. तासातासाची सरासरी वेगळ्या रकान्यात ठेवा, आणि तुमच्या केंद्राचा दिवस मध्यरात्री बदलतो की सकाळी साडेआठला, हे त्या रकान्याच्या डोक्यावर आजच लिहून ठेवा.