दिवाळीला कॅमेरा घरी आणताना: माझे २३,१०० रुपये कसे गेले

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कुवेतला कंपनीच्या कामावर आहात, दिवाळीला वीस दिवस दिग्रसकडे घरी येणार, येताना तिथून एक लांब पल्ल्याची लेन्स घ्यावी का, ट्रायपॉड आणावा का, आणि सुट्टीत आपल्या भागात काय काय फिरून काढण्यासारखं आहे. लेन्सवर बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय. माझी नजर अडकली ती तुमच्या शेवटच्या ओळीवर: "कॅमेरा भारतातूनच आणलेला आहे, बिल कुठे आहे माहीत नाही, पण वापरलेला आहे म्हणजे अडचण नसावी."

हेच, अगदी हेच, मी २०१८ मध्ये सामानाच्या पट्ट्याजवळ उभा राहून स्वतःला सांगत होतो.

मी मेहकर तालुक्यातला. २०१६ ते २०२० ओमानला होतो, विजेच्या सबस्टेशनच्या कामावर. जायच्या आधी नागपूरला सीताबर्डीवर कॅमेरा घेतला, बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) आणि सोबत एक लेन्स, ५८,००० रुपये. पहिल्या नोकरीपासूनची हौस होती. एक्स्पोजर, आयएसओ, रॉ का जेपीजी हे तुम्हाला येतच असणार, त्यावर वेळ घालवत नाही. माझं नुकसान फोटो काढताना झालंच नाही. ते झालं कागदात.

जाण्याआधी ज्या एजंटाकडे माझा व्हिसा-तिकिटाचा कारभार होता, त्याच्या ऑफिसात मी विचारलं होतं बरं. "कॅमेरा नेतो आहे, काही कागद करावा लागते का?" खुर्चीतल्या माणसानं मोबाइलवरून मान वर न करता सांगितलं, "कॅमेऱ्याले काय लागते? न्या बिनधास्त." नेला बिनधास्त. त्या माणसाचं नाव सांगत नाही, आता तो प्लॉटिंगच्या धंद्यात आहे असं ऐकतो.

लागतं ते असं. महागडी वस्तू घेऊन देशाबाहेर जाताना, सामान चेक-इन करण्याआधी, विमानतळावरच्या कस्टमच्या माणसाला ती दाखवायची. तो वस्तूचं वर्णन आणि सिरीयल नंबर लिहून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट देतो. परत येताना तो कागद दाखवला की ती वस्तू इथूनच गेली होती हे सिद्ध होतं, तिच्यावर ड्युटी, म्हणजे आयात कर, लागत नाही. बायामाणसं अंगावरच्या सोन्यासाठी करतात तोच हा कागद. कॅमेऱ्यासाठी कोणी करत नाही, म्हणून कोणी सांगतही नाही.

२०१८ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी मस्कतहून निघालो. बॅगेत हा जुना कॅमेरा, आणि तिथे घेतलेली एक नवी टेलिफोटो, म्हणजे लांब पल्ल्याची लेन्स, तिचं बिल आपल्या पैशात ४८,००० चं. तेव्हा सुट्टीवर येणाऱ्याला ५०,००० पर्यंतचं सामान ड्युटीशिवाय आणता येत होतं. मी हिशेब करूनच लेन्स घेतली होती. ४८ म्हणजे ५० च्या आत, झालं. हिरव्या रस्त्यानं, म्हणजे ड्युटी लागणारं काही नाही म्हणणाऱ्यांच्या वाटेनं, निघालो. एक्स-रे मशीनवरच्या माणसानं बॅग बाजूला घ्यायला लावली.

टेबलावर सगळं काढून ठेवलं. लेन्सचं बिल होतं, ते मान्य. "और ये बॉडी?" म्हटलं, ही भारतातली आहे, दोन वर्षं झाली. "बिल दिखाओ." आता गंमत ऐका. बिल माझ्याजवळ होतं! पाकिटाच्या आतल्या कप्प्यात, चार घड्या घालून, दोन वर्षं जपलेलं. मी ते मोठ्या ऐटीत उलगडून त्याच्यासमोर ठेवलं आणि बघतो तर कोरं. एक अक्षर नाही. एटीएमच्या चिठ्ठीसारखा तो थर्मल कागद होता, आणि ओमानच्या उन्हाळ्यात गाडीत, खिशात राहून पांढराफटक झाला होता. घडीच्या रेषेवर दुकानाच्या नावाची दोन अक्षरं तेवढी राखाडी दिसत होती. साहेबानं कागद उजेडाकडे धरला, उलटा करून पाहिला, आणि मला परत दिला. हसला नाही, एवढीच त्याची मेहरबानी.

पुढचा हिशेब तोंडपाठ आहे. ५८,००० ला घेऊन दोन वर्षं रगडलेल्या माझ्या कॅमेऱ्याची किंमत टेबलावर ठरली ६२,०००. लेन्सचे ४८,०००. एकूण १,१०,०००. सवलतीचे ५०,००० वजा केले, उरले ६०,०००. त्यावर तेव्हाचा दर ३८.५ टक्के, म्हणजे २३,१०० रुपये. सर्टिफिकेट असतं तर फक्त लेन्स मोजली गेली असती, आणि ती सवलतीत बसत होती. एका कागदाचे २३,१००. मी वाद घातला. वापरलेल्या वैयक्तिक वस्तूंना सूट असते म्हटलं. स्ट्रॅपवरचा घामाचा पांढरा पट्टा दाखवला, रबर निघालेली पकड दाखवली. तो म्हणाला, वापरलेला आहे हे दिसतंय, पण कुठे घेतलेला आहे हे कसं दिसणार? आता विचार करतो तर त्याचं बरोबरच होतं. तेव्हा मात्र अंगाची आग झाली होती.

पैसे तर गेलेच, पण या भानगडीत पुढची गाडीही चुकली. रिझर्व्हेशन वाया. जनरलच्या डब्यात दाराजवळ बसून अकोला, तिथून एसटी, आणि वावरात पोचेपर्यंत सूर्य कलला होता. त्या दिवशी आमच्या वावरात सीतादही होती. बाहेरच्या लोकांसाठी सांगतो, कापसाच्या पहिल्या वेचणीला आमच्याकडे पऱ्हाटीच्या झाडाला हळदीकुंकू लावून दहीभाताचा नैवेद्य ठेवतात, मग बाया वेचणीला लागतात. मायनं महिनाभर आधीच फोनवर बजावलं होतं, यंदा फोटो काढजो. पण वेचणीच्या बाया ठरलेल्या, त्या माझ्यासाठी थांबतील थोड्याच? मला मिळालं ते कुंकू लावलेलं झाड, पळसाच्या पानावर वाळून कडक झालेला दहीभात, आणि त्यावर मुंग्यांची रांग. तोच फोटो काढला. चांगला आलाय, खोटं कशाला बोलू. पण मायनं विचारलं, "हे काहून काढलं? मुंग्यांचं?"

असो. तुमच्या कामाचं बोलतो. मी वकील नाही, कस्टमवालाही नाही. नियम आणि रकमा बदलत राहतात, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात सरकारी साइटवर आजची मर्यादा स्वतः पाहा. माझ्या आकड्यांवर लेन्स घेऊ नका.

तुम्ही तर गेलेलेच आहात, सर्टिफिकेटची वेळ निघून गेली. आता पहिलं काम, ज्या दुकानातून घेतला तिथे घरच्या कोणाला तरी पाठवा आणि बिलाची प्रत काढायला लावा, सिरीयल नंबरसह. घेऊन फार वर्षं झाली नसतील तर त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये असतं, फक्त दुकानदाराला कंटाळा असतो. घरी कॅमेऱ्याचा खोका असेल तर त्यावरच्या नंबराचा फोटो मागवा. वॉरंटीची नोंदणी केली असेल तर तो ईमेल शोधा. आणि मला फार उशिरा कळलेली गोष्ट: बऱ्याच कॅमेऱ्यांच्या फोटो-फाइलीत बॉडीचा सिरीयल नंबर आपोआप नोंदलेला असतो. म्हणजे जाण्याआधी गावात काढलेल्या फोटोत तारीख आणि नंबर दोन्ही होते, आणि ती हार्ड डिस्क माझ्या घरी ट्रंकेत पडली होती. कॅमेऱ्यातली तारीख कोणीही बदलू शकतो, त्यामुळे हा पक्का पुरावा नव्हे, पण कोऱ्या कागदापेक्षा बरा. असले चारपाच फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आणि थर्मल बिल असेल तर आजच, आत्ता, त्याचा फोटो काढा.

एवढं करूनही रक्कम मर्यादेच्या वर जात असेल तर सरळ लाल रस्त्यानं जाऊन सांगा. लेन्स मोज्यात गुंडाळून आणणारे वीर मला माहीत आहेत. त्यांचं निभलं असेल. तुम्ही ते करू नका, कारण दडवलेलं सापडलं की ड्युटीवर दंड आणि वस्तू जप्तीची भानगड वेगळी. ड्युटी भरलीच तर पावती जपा. तीच दाखवून मी पुढच्या वेळी जाताना सर्टिफिकेट घेतलं. खिडकीवरच्या माणसाला फॉर्म सापडायलाच वीस मिनिटं लागली, तेव्हा तासभर आधी जा.

आणि नोकरी संपवून कायमचे परतणार असाल तर लेन्स तेव्हाच आणा. दोनेक वर्षं बाहेर राहून मुक्काम हलवणाऱ्यांना घरसामानासाठी वेगळी, बरीच मोठी सवलत असते. अटी आहेत, मधल्या सुट्ट्या किती घेतल्या तेही पाहतात. हे मला २०२० मध्ये कळलं. ड्रोनचा विचार मनात असेल तर सोडा. फेब्रुवारी २०२२ पासून बाहेरून ड्रोन आणायला बंदीच आहे.

लेन्सवर माझं मत विचारलंत तर, घेऊच नका. माझी ती ४८,००० ची टेलिफोटो ओमानमध्ये दोनदा आणि इथे एकदा वापरली गेली. तुम्हाला मेळघाटातला वाघ डोळ्यासमोर दिसत असेल. वीस दिवसांच्या सुट्टीत, त्यातही दिवाळी, भाऊबीज, बहिणीच्या सासरी एक चक्कर, वाघ कुठून दिसणार? त्यापेक्षा एक साधी ३५ किंवा ५० मिलिमीटरची, कमी उजेडातही चालणारी लेन्स ठेवा. ओमानमधल्या निझवाच्या शुक्रवारच्या बकरी बाजारात मी ५० नंच काढलं सगळं. तिथे विकणारे बकऱ्या घेऊन गोल फिरतात, घेणारे भोवती बसलेले असतात, आपल्या बैलबाजारासारखाच गोंधळ. फरक एवढाच की तिथे मी दर वेळी विचारून फोटो काढायचो, आणि बायांचे तर काढायचोच नाही. मग गावच्या बाजारात आलो की न विचारता कॅमेरा लोकांच्या तोंडासमोर धरायचो, आपलेच लोक म्हणून. एका कास्तकारानं सुनावलं, "बाप्पा, बैलाचा काढा, माहा काहून काढता?" तेव्हापासून इथेही विचारतो. आणि "आम्हाले देजा बरं" म्हटलं की खरंच प्रिंट काढून नेऊन देतो. दहा-पंधरा रुपयांचं काम आहे, पुढच्या खेपेला कोणी तोंड फिरवत नाही.

काय काढण्यासारखं आहे म्हणता, तर लोणार. माझ्या गावाहून फटफटीवर पाऊण तास, आणि मी ते नीट पाहिलं ते ओमानहून आल्यावर. त्याचीही लाजिरवाणी गोष्ट आहे. मस्कतहून सूरकडे जाताना बिम्मा नावाचा पाण्यानं भरलेला खड्डा लागतो, अरबीत हवियत नज्म, म्हणजे ताऱ्याचा खड्डा. तारा पडून झाला अशी दंतकथा. मी फोटो टाकला, खाली लिहिलं "उल्केनं पडलेलं विवर". एका केरळी सहकाऱ्यानं सांगितलं की तो चुनखडी विरघळून छत खचल्यानं झालाय, जेमतेम ५०-७० मीटरचा आहे, आणि उल्केचं खरंखुरं विवर तर तुमच्या बुलढाण्यात आहे, जवळजवळ १.८ किलोमीटर रुंद, काळ्या बसाल्टमध्ये. केरळच्या माणसानं मला लोणार सांगावं! बरं, २०२० च्या जूनमध्ये लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा मी ओमानमध्ये अडकलेलो. गावातली पोरं मोबाइलवर काढून पाठवून राहिली होती, आणि दोन लेन्सवाला मी खोलीत बसून ते मोठे करून पाहत होतो. पाणी आटून खारटपणा वाढला आणि क्षारात जगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला, असं पुण्याच्या आघारकर संस्थेनं शोधलं. मी पोचलो तोवर पाणी पुन्हा हिरवं.

दिवाळीत गेलात तर काठावरची झाडी हिरवी असते. अख्खं विवर एका चौकटीत घ्यायचं तर १० ते १८ मिलिमीटरची रुंद लेन्स लागते, नाहीतर कॅमेरा उभा धरून सहासात फोटो काढा आणि जोडा. खाली कमळजा देवीकडे उतरलात तर पाण्याच्या वासाची तयारी ठेवा. दैत्यसूदनाच्या देवळाला घाई करू नका, बाहेरच्या भिंतीवरचं कोरीव काम तिरप्या उन्हातच उठून दिसतं, बारा वाजता सगळं सपाट. ट्रायपॉड मात्र कुवेतलाच ठेवा. संरक्षित देवळांत तो लावायला वेगळी परवानगी लागते आणि चौकीदार लगेच धावत येतो. मी मायनं शिवलेल्या पिशवीत दोन किलो सरकी भरून नेतो, ओट्यावर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवला की हलत नाही. त्यावर अजून कोणी हरकत घेतली नाही, एकदा एक गाय तेवढी मागे लागली होती.

कॅमेऱ्याचं घड्याळ आल्याआल्या आपल्या वेळेवर लावा, नाहीतर मोबाइलचे आणि कॅमेऱ्याचे फोटो एकत्र लावताना डोकं फिरतं. आणि परत जाताना एखादी लेन्स घरी ठेवणार असाल तर कपाटात कपड्यांच्या घडीत ठेवू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात काचेला आतून बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. माझी ती टेलिफोटो अशीच गेली.

दुकानदारानं बिलाची प्रत दिली की नाही ते कळवा. टाळाटाळ करत असेल तर कोणत्या साली घेतला ते लिहा, पाहू काय करता येतं.