आधी फुली जमू दे, चौरंग नंतर

चौरंग करायचाय म्हणतोस, करशील. पण पहिला महिना एकच वस्तू कर: गरम पातेलं ठेवायची फुली. 40 मिमी रुंद, 20 मिमी जाड अशा दोन पट्ट्या, दोन्हींना मधोमध 10 मिमी खोल खाच, की एकमेकींत बसल्या. पॅकिंगच्या खोक्याचं पाइन चालेल. खिळे मात्र शोधून काढ, माझी एक पटाशी (लाकूड तासायची छिन्नी) अशीच दातरली.

खाचेची रेघ पेन्सिलीने नको, कटरने मार. गुण्या (काटकोनी पट्टी) घट्ट धरून दोन-तीनदा हलकेच ओढ, म्हणजे करवतीला वाट मिळते. करवत रेघेवर नाही, रेघेच्या आत, टाकाऊ भागात चालव. पात्याच्या जाडीएवढं लाकूड भुशात जातं, नवख्याचा सांधा ढिला होतो तो इथेच. खाचेचा तळ पटाशीने दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत काढ. एकाच बाजूने आरपार गेलास तर पलीकडची कड चिरफाळते.

पातळ साल काढतानाही ठोकावं लागतंय? मग पटाशीची धार गेलीय, लावून घे. धारेला 25 अंशांचा उतार, 1000 ग्रिटचा धार लावायचा दगड, पात्याची पाठ सपाट.

सांधा हाताच्या दाबाने बसायला हवा. माझ्या पहिल्या सहा फुल्या बंबात गेल्या, सातवी अजून ओट्यावर आहे.