गाणं फळ्यावर आणि वहीत कोणी आणलं? गांधर्व महाविद्यालयामागची माणसं

तुम्ही विचारलंय की मुलगी गांधर्व महाविद्यालयाच्या प्रवेशिका या सुरुवातीच्या परीक्षेला बसतेय आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, गाणं गुरूपुढे बसून शिकायचं असतं, फळ्यावर सा रे ग म लिहून नव्हे. मग हे वर्ग, ही पुस्तकं, या परीक्षा कोणी काढल्या, आणि त्या लोकांना त्यातून काय मिळालं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. ज्यांनी हे सुरू केलं त्या पलुस्करबुवांची मुंबईतली संस्थेची इमारत १९२४ साली कर्जापायी लिलावात गेली. ते वारले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता, आणि त्याचं गाणं वडिलांच्या शिष्यांनी पुरं केलं. मी मिरजेची. बावीस वर्षं गाण्याचे वर्ग घेते, दर सत्राला मुलं परीक्षेला बसवते. ही गोष्ट ज्या गावात रुजली आणि जिथे त्या माणसाने शेवटचा श्वास घेतला, तिथेच मी त्यांच्या पद्धतीवर पोट भरते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विष्णू दिगंबर पलुस्कर. जन्म १८ ऑगस्ट १८७२, कुरुंदवाड. वडील कीर्तनकार. लहानपणी दारूकामात डोळ्यांना इजा झाली आणि शाळा सुटली. पुढे मिरज संस्थानच्या आश्रयाने ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला राहिले. बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारा माणूस. त्यासाठी त्यांनी स्वतः ग्वाल्हेरला राहून जोशीबुवा या गवयांच्या घरी विद्या मिळवली होती. त्या काळी विद्या अशीच मिळायची. गुरूच्या घरी पडेल ते काम करायचं, गुरूच्या मनात येईल तेव्हा चीज, म्हणजे रागातली बंदिश, कानावर पडायची, वही काढायची तर सोयच नव्हती.

पलुस्करबुवांच्या चरित्रात एक प्रसंग सांगतात. मिरजेत कसलासा समारंभ होता. संस्थानच्या आश्रयातले म्हणून विष्णुबुवांना आमंत्रण होतं, त्यांच्या गुरूंना नव्हतं. का, असं विचारल्यावर उत्तर मिळालं की ते काय, गवईच. ज्या माणसापुढे आपण रोज डोकं टेकतो त्याला गावात प्रतिष्ठितांच्या पंगतीत जागा नाही, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. पुढचं सगळं आयुष्य मला त्या एका ठसठसीतून वाचता येतं. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. संस्थानिकांच्या दरबाराच्या भरवशावर राहायचं नाही म्हणून सौराष्ट्रात तिकीट लावून मैफल केली, म्हणजे पैसे देईल त्याने येऊन बसावं. आज यात काही वाटत नाही; तेव्हा ही मोठीच गोष्ट होती.

आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडलं. कुठे कुरुंदवाड, कुठे लाहोर! ना भाषा आपली, ना ओळखपाळख. तिथे त्यांनी गाण्याला शाळेचे कपडे घातले. हजेरीपट, घंटा, इयत्ता, ठरलेला अभ्यासक्रम, छापील पुस्तकं, वर्षअखेर परीक्षा. डोळ्यांपायी ज्याची शाळा सुटली त्या माणसाने मुलांसाठी गाण्याची क्रमिक पुस्तकं काढली, आणि सूर कागदावर उतरवायला स्वतःची लिपी बसवली. हे मी अजून कुठल्याही नव्या विद्यार्थ्याला सांगते तेव्हा माझाच गळा भरून येतो. पैसा लोकांच्या देणग्यांतून आणि बुवांच्या मैफलींतून यायचा. गावोगाव गायचं आणि आणलेलं संस्थेत ओतायचं.

आता, गाण्याची शाळा काढणारे ते पहिलेच, असं मात्र म्हणू नका. पुण्यात गायन समाज १८७४ पासून होता. बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ ला निघाली होती. संगीताचे अभ्यासक विष्णू नारायण भातखंडे वकिली सोडून देशभर चिजा गोळा करत हिंडत होते, तो वेगळाच थोर प्रवास. पलुस्करबुवांचं वेगळेपण दोन गोष्टींत. एक, पाठीशी दरबार नव्हता. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, ती म्हणजे उपदेशक वर्ग.

फी भरून तासाला येणारे विद्यार्थी एकीकडे. दुसरीकडे या उपदेशक वर्गातली मुलं, बहुतेक गरीब घरची. राहणं-जेवण संस्थेचं, शिक्षण फुकट, पण नऊ वर्षांचा करार. त्या काळात शिकायचंही आणि खालच्या वर्गांना शिकवायचंही. बुवांना गवयांपेक्षा गाणं शिकवणारी माणसं हवी होती. आमच्या मिरजेचा एक पोरगा १९०७ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, असाच लाहोरला गेला. ते विनायकराव पटवर्धन. तुम्ही तुमच्या मुलीला क्लासला सोडायला जाता ना, तसं त्यांच्या घरच्यांनी नऊ वर्षांच्या मुलाला लाहोरच्या गाडीत बसवलं असेल, हे मनात आणून बघा.

त्या वर्गातून आणि आसपासच्या शिष्यांतून कोण कोण निघालं बघा. नारायण मोरेश्वर खरे गांधीजींच्या साबरमती आश्रमात गेले, आश्रमाची भजनावली त्यांनी तयार केली, आणि १९३० ला दांडीयात्रेत चालले. ओंकारनाथ ठाकूर लाहोरच्या विद्यालयाचे मुख्य झाले आणि पुढे बनारस हिंदू विद्यापीठात संगीत महाविद्यालय उभारायला गेले. बी. आर. देवधरांनी १९२५ ला मुंबईत ऑपेरा हाउसजवळ स्वतःची शाळा काढली. घरातली मोठी माणसं म्हणतात ना, वर्गातून कलावंत होत नाही? लहानगा कुमार गंधर्व त्या देवधरांकडेच राहून शिकला. अर्थात ते तासाच्या घंटेवर नव्हे, मास्तरांच्या सहवासात, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. विनायकराव गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांबरोबर दहा वर्षं गाजले, आणि मग ते सोडून १९३२ ला पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढून बसले. नाटकातल्या टाळ्या सोडून माणूस पोरांच्या पलट्यांत, म्हणजे सुरांच्या सरावात, का जातो? मला वाटतं, नवव्या वर्षी घातलेलं वळण.

इकडे बुवांची मुंबईची शाळा १९०८ ला सुरू झाली, सँडहर्स्ट रोडवर मोठी वास्तू झाली, कर्ज वाढलं आणि इमारत गेली. बुवा नाशिकच्या आश्रमात रामनामात रमले. २१ ऑगस्ट १९३१ ला मिरजेत वारले. इमारत नाही, मालमत्ता नाही. पण त्याच वर्षी शिष्य अहमदाबादला जमले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. तुमची मुलगी ज्याची परीक्षा देणार ते हेच. इमारत असती तर कदाचित तिच्यावरून भांडणं झाली असती. शिष्यांकडे फक्त शिकवायची रीत होती, ती प्रत्येकाने आपापल्या गावी नेली. विनायकरावांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ ला दिल्लीत तेच नाव लावून विद्यालय काढलं. बुवांचा मुलगा दत्तात्रेय, म्हणजे डी. व्ही. पलुस्कर, विनायकराव आणि नारायणराव व्यास यांच्याकडे शिकला. ३४ व्या वर्षी, १९५५ ला गेला. त्याचं कुठलंही ध्वनिमुद्रण लावा, आवाजातला तो साधेपणा ऐका. वडिलांनी ज्यांना घडवलं त्यांनी तो परत दिला.

एक गोष्ट झाकून ठेवणार नाही. बुवांच्या शाळेचा तोंडवळा भक्तीचा. प्रार्थना, भजनं, चिजांतले शृंगाराचे शब्द काढून देवाचे घातलेले. त्यामुळे सुशिक्षित घरांनी मुलींना गाणं शिकू दिलं, हे खरं. पण ज्या खाँसाहेबांनी आणि ज्या बायांनी ही विद्या शतकभर जपली, त्यांना त्या वर्गात फारशी जागा उरली नाही, हेही खरं. ग्वाल्हेर गायकी हद्दू-हस्सू खाँची. आणि किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ, ज्यांची कबर आमच्या दर्ग्यात आहे, त्यांनीही १९१३ ला पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं होतं. वर्ग काढायची तळमळ एकाच समाजाची नव्हती. माझ्या वर्गातला तंबोरा सतारमेकर गल्लीतला आहे; भोपळा वाळवण्यापासून जवारी काढण्यापर्यंत, म्हणजे तारेचा झंकार जुळवण्यापर्यंत, सगळं तिथल्या मुसलमान कारागिरांचं. मी मुलांना दोन्ही नावं सांगते. पलुस्करांचा फोटो भिंतीवर आहे तसा खाँसाहेबांचाही.

आता तुमच्या घरातल्या मोठ्यांच्या म्हणण्याकडे येते. त्यांचं अर्धं बरोबर आहे. माझ्याकडे एका वेळी सोळा मुलं बसतात. मुली पेटीच्या काळी चार पट्टीला मोकळ्या, आवाज फुटलेले दोन मुलगे काळी एकच्या वर जाईनात. सगळ्यांना एका पट्टीत बसवलं की कोणाचा तरी गळा आवळतोच. मी ओळ म्हणते, सोळाजण मागून म्हणतात, ऐकायला छान वाटतं, आणि मागच्या कोपऱ्यातलं एखादं पोर नुसते ओठ हलवत असतं. म्हणून शेवटची पंधरा मिनिटं मी एकेकाला एकटं गायला लावते. गेल्या सत्रात एका मुलाला भूप रागाचा आरोह, म्हणजे चढते सूर, म्हणायला सांगितला. दोन वर्षं तो सगळ्यांबरोबर खणखणीत म्हणायचा. एकटा उभा राहिला आणि गंधारावर, म्हणजे ‘ग’वर, अडकला. मी पेटी बंद केली, नुसता तंबोरा ठेवला, म्हटलं, मान खाली घाल आणि ऐक. बराच वेळ गेला. मग त्याने गंधार लावला, असा की बाकीची पंधराही गप्प झाली. वर्ग नसता तर हा मुलगा गाण्यापर्यंत आलाच नसता, कारण त्याच्या घरी गाणं नाही आणि गुरूच्या घरी ठेवायची ऐपतही नाही. पण तो सूर लागला तो एकटं बसवल्यावर. म्हणून मला दोन्ही हवंय.

ज्याचं मला खरंच दुःख होतं ते वेगळं आहे. दहावीला कलेचे वाढीव गुण मिळायला लागल्यापासून आठवीत मुलं येतात आणि पालक विचारतात, दोन वर्षांत किती परीक्षा उरकतील? ‘उरकतील’ हा शब्द. बुवांनी परीक्षा ठेवली ती गवयाला समाजात कागद दाखवून मान मिळावा म्हणून. कागद राहिला आणि गाणं मागे पडलं, असं होऊ देऊ नका. तुमच्या मुलीला बसवा परीक्षेला, पण तिच्या बाईंना किंवा सरांना विचारा की आठवड्यातून एकदा पाच मिनिटं ती एकटी गाते का. आणि घरी तिच्याकडून एक चीज परीक्षेसाठी नाही, आजीसाठी म्हणून म्हणवून घ्या.

शेवटी लेखी पेपरचं एक कामाचं सांगते, कारण दरवर्षी यात मुलं गुण घालवतात. पलुस्कर लिपीत मंद्र (खालच्या) सप्तकातल्या स्वराच्या डोक्यावर बिंदू असतो आणि तार (वरच्या) सप्तकातल्या स्वरावर उभी रेघ. भातखंडे लिपीत डोक्यावरचा बिंदू म्हणजे तार सप्तक, मंद्राचा बिंदू खाली. म्हणजे एकच टिंब, एकाकडे खालचा सा आणि दुसऱ्याकडे वरचा. तालातही तसंच, भातखंड्यांकडे समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) फुली आणि ‘खाली’ला (टाळी न देता मोजायच्या मात्रेला) शून्य. पलुस्करांकडे समेला एक आणि ‘खाली’ला अधिकचं चिन्ह. क्लासमध्ये कुठली लिपी शिकवलीय ते तिला नीट विचारा, ती एकच पक्की करून घ्या, आणि पेपरात चीज लिहायच्या आधी वरच्या ओळीत लिपीचं नाव लिहायला सांगा.