शुभवर्तमानातले ‘वर्तमान’

प्रश्न: आमच्या चर्चच्या त्रैमासिकात आम्ही एक नवे सदर सुरू करतो आहोत. चालू घडामोडी आणि बदलते सांस्कृतिक प्रवाह ख्रिस्ती दृष्टीने पाहायचे, असा विचार आहे. सदराला ‘शुभ वर्तमान’ हे नाव सुचले, म्हणजे आजचा काळ शुभ व्हावा या अर्थाने. हे बरोबर आहे का? नसेल तर या कामाला मराठीत नेमका शब्द कोणता? काही जण ‘ख्रिश्चन लेन्समधून’ असे म्हणतात, पण ते कानाला बरे वाटत नाही.

उत्तर: नाही, बरोबर नाही. हा घोटाळा तुमच्या एकट्यांचा असता तर चार ओळींत सांगून मोकळा झालो असतो. पण नाताळ जवळ आला की फलकांवर, शुभेच्छापत्रांवर आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत ‘आपणां सर्वांस शुभ वर्तमान!’ हे वाक्य दोन शब्दांत बोटभर जागा सोडून छापलेले दिसते. शुभ सकाळ, शुभ रात्री, तसे शुभ वर्तमान. एका वक्त्याने तर व्यासपीठावरून ‘शुभ भूतकाळ, शुभ वर्तमान आणि शुभ भविष्य’ अशी त्रिकाळाची माळ ओवली होती आणि समोर चर्चमध्ये वाढलेली माणसे टाळ्या वाजवत होती. ज्या शब्दावर आपली सगळी श्रद्धा उभी, त्याचा अर्थ आपल्यालाच ठाऊक नसावा, याचे मला फार वाईट वाटते.

शुभवर्तमान हा एक शब्द आहे. नपुंसकलिंगी आहे. अनेकवचन शुभवर्तमाने. बायबलातली मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची चार शुभवर्तमाने. यातल्या ‘वर्तमान’चा अर्थ बातमी. एवढे कोणताही कोश सांगेल, म्हणून पुढे जातो.

बातमी या अर्थाचे ‘वर्तमान’ मिशनऱ्यांनी कृत्रिमपणे घडवले, असे ठासून सांगणारे विद्वान मला भेटले आहेत. त्यांनी पेशवाईतला पत्रव्यवहार एकदा उघडून पाहावा. इकडील वर्तमान, तिकडील वर्तमान, अमके वर्तमान ऐकोन, तमके वर्तमान लिहीत जावे, याशिवाय त्या पत्रांचे पान हलत नाही. जासूदजोड्या रात्रंदिवस धावायच्या त्या वर्तमान पोचवायला. पानिपताचे वर्तमान नानासाहेब पेशव्यांना कळले ते सावकाराच्या पत्रातून, मोती गळाले आणि मोहरा हरवल्या अशा सांकेतिक भाषेत. ते वर्तमान होते, आणि अशुभ होते. मोल्सवर्थने १८३१ साली आपला मराठी-इंग्रजी कोश छापला तेव्हा हा अर्थ मराठीत पक्का मुरलेला होता. मिशनऱ्यांनी चालते नाणे उचलले आणि त्याला ‘शुभ’ जोडले. भाषांतरात याहून शहाणपणाची गोष्ट कोणती?

आता मला ज्या जागी यायचे होते तिथे येतो. वर्तमान हे संस्कृतातले ‘वृत्’ या धातूचे शानच् रूप, म्हणजे चालू क्रिया दाखवणारा प्रत्यय लागलेले. वृत् म्हणजे वळणे, फिरणे, घडत असणे. वर्तमान म्हणजे जे घडते आहे ते. याच धातूला झालेली क्रिया दाखवणारा क्त प्रत्यय लागला की वृत्त, म्हणजे जे घडून गेले ते. मराठीत छापील बातमीला दोन नावे आहेत, वर्तमानपत्र आणि वृत्तपत्र. एकात घडत असलेले आणि दुसऱ्यात घडून गेलेले. व्यवहारात हा भेद कुणी पाळत नाही हे खरे, पण धातूच्या पोटात तो आहेच. माझे म्हणणे असे की ‘शुभवृत्त’ असा शब्द रूढ झाला असता तर तो येशूच्या गोष्टीला भूतकाळात बसवून मोकळा झाला असता. शुभवर्तमान या शब्दात ती बातमी अजून चालू आहे. संस्कृतच्या एका जाणकारांनी मला सुनावले की हा निव्वळ योगायोग आहे, शानच् प्रत्ययावर एवढे ओझे टाकू नये. त्यांना माझे उत्तर एवढेच: प्रत्यय ओझे उचलायलाच असतात.

आणि ही वृत्ची शाखा इथेच थांबत नाही. वार्ता त्यातलीच, म्हणून सुवार्ता आणि शुभवर्तमान सख्ख्या बहिणी. मराठी बायबल पाहा: मथळ्यावर ‘शुभवर्तमान’ आणि आतल्या वचनांत ‘सुवार्ता’, दोघी एकाच घरात नांदतात. तुमच्या प्रश्नातल्या ‘सांस्कृतिक प्रवाहां’ना शिष्ट मराठीत प्रवृत्ती म्हणतात. तीही वृत्चीच, आणि संस्कृतात प्रवृत्तीचा एक अर्थ चक्क बातमी असा आहे. कालिदासाचा यक्ष मेघाबरोबर आपल्या खुशालीची जी खबर धाडतो, तिला कवी ‘प्रवृत्ति’ म्हणतो. माणूस बदलतो त्याला परिवर्तन म्हणतात, तेही वृत्. लॅटिनमध्ये या धातूचे भावंड ‘वेर्तेरे’, त्यातून इंग्रजी कन्व्हर्ट आला. आणि ज्याला आपण उठता-बसता ट्रेंड म्हणतो, त्या शब्दाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ गरगर फिरणे, गडगडत जाणे. हा धातू वेगळा आहे, पण कल्पना तीच वळण्याची. म्हणजे घडामोडी, प्रवाह, बातमी आणि मनपालट हे सारे तुमचे सदर ज्यांच्याविषयी आहे, ते मराठीत जवळजवळ एकाच मुळावर उगवलेले आहे. हे मला पहिल्यांदा उमगले त्या रात्री मी कोश मिटलाच नाही.

मूळ ग्रीक शब्द एवांगेलियोन. ‘एउ’ म्हणजे चांगले आणि ‘अंगेलोस’ म्हणजे निरोप्या, आपल्या भाषेत जासूद. (एंजल तो हाच, त्यामुळे आपला देवदूत हा शब्द अगदी अचूक उतरला आहे.) ग्रीक कवी होमरच्या काळी एवांगेलियोन म्हणजे बातमी नव्हतीच. चांगली बातमी आणणाऱ्याला जे बक्षीस द्यायचे, त्याला हा शब्द होता. त्याच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यात वेश पालटून घरी परतलेला राजा ओडिसियस आपल्याच चाकराला म्हणतो, तुझा धनी परत येतो आहे ही बातमी मी देतो, तो आला की मला त्याबद्दल अंगावर घालायला चांगले वस्त्र दे. ‘तुझ्या तोंडात साखर पडो’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. पुढे बक्षिसाचा शब्द बातमीलाच चिकटला, विशेषतः लढाई जिंकल्याच्या बातमीला.

आणि मग रोमन साम्राज्याने तो पळवला. आजच्या पश्चिम तुर्कस्तानात प्रिएने नावाचे प्राचीन शहर होते. तिथे इ. स. पूर्व ९ मधला एक शिलालेख सापडला आहे. सम्राट ऑगस्टसच्या जन्मदिवसापासून, २३ सप्टेंबरपासून, नवे वर्ष मोजावे असा त्या प्रांताचा ठराव त्यात कोरला आहे. कारण काय, तर त्या देवाचा जन्मदिवस हा जगासाठी त्याच्यामुळे आलेल्या शुभवर्तमानांचा आरंभ होता. शब्द हाच, एवांगेलियोनचे अनेकवचन. आता मार्कचे पहिले वाक्य काढा. तिथेही आरंभ आहे, शुभवर्तमान आहे आणि देवाचा पुत्र आहे. पण राजवाड्यातला सम्राट नाही, नासरेथचा सुतार आहे. माझे ठाम मत आहे की मार्कने हे जाणूनबुजून केले. दरबारी जाहीरनाम्याचा शब्द त्याने हिसकावून घेतला आणि ज्याला सम्राटाच्या माणसांनी क्रूसावर दिले, त्याच्या नावापुढे लावला.

यावर काही अभ्यासक नाक मुरडतात. ते म्हणतात, मार्कने हा शब्द शिलालेखातून घेतला नाही, जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून घेतला. तिथे डोंगरांवरून धावत येणाऱ्या सुवार्तिकाचे पाय किती सुंदर, असे वचन आहे. मान्य. पण यशयातली ती बातमी तरी कसली होती? यहुद्यांची बाबेलमधली कैद संपली, लोक घरी परतणार, ही. म्हणजे त्या दिवसाची सर्वांत मोठी राजकीय बातमीच. शिलालेख घ्या नाही तर यशया, शुभवर्तमान हा शब्द जन्मापासून चालू घडामोडींचाच आहे. त्याला फक्त देवघरात कोंडून ठेवणाऱ्यांनी त्याचा इतिहास वाचलेला नाही.

जाता जाता एक तक्रार. हिंदी भक्तिगीतांच्या आणि प्रवचनांच्या चित्रफिती पाहून आपली तरुण मुले सर्रास ‘सुसमाचार’ म्हणू लागली आहेत. हिंदीत तो उत्तम शब्द आहे. मराठीत मात्र आपण समाचार घेतो तो खोडकर पोराचा, नाही तर ताटातल्या पुरणपोळीचा. ज्या भाषेत समाचार घेतला की समोरच्याची खैर नसते, तिथे सुसमाचार कशाला आणायचा? त्यापेक्षा गोव्याकडे पाहा. कोंकणीत ‘वांजेल’ म्हणतात, पोर्तुगीज एवांजेल्योचा घासून गोटा झालेला. मुसलमान बांधवांचे ‘इंजील’ही त्याच ग्रीक शब्दाचे लेकरू. वांजेल आणि इंजील शेजारी ठेवून म्हणून पाहा. दोन वाटांनी, दोन समुद्रांवरून एकच शब्द आपल्या किनाऱ्याला लागला.

तर, तुमच्या कामाला शब्द. तो आयता आहे आणि खुद्द येशूच्या तोंडचा आहे: काळाची लक्षणे ओळखणे. मत्तयाच्या सोळाव्या अध्यायात तो म्हणतो की आभाळाचे रूप तुम्हांला ओळखता येते, पण काळाची लक्षणे ओळखता येत नाहीत. लूकने बाराव्या अध्यायात हीच गोष्ट अधिक नेमकी दिली आहे. पश्चिमेला ढग चढताना दिसला की तुम्ही लगेच म्हणता, सर येणार. दक्षिणेचा वारा सुटला की म्हणता, उकाडा होणार. आणि तसे होतेही. त्या मुलखात पश्चिमेला समुद्र आणि दक्षिणेला वाळवंट, म्हणून हा ठोकताळा. अर्नाळ्याच्या कोळ्याला यावर टीप लागणार नाही, त्याचाही पाऊस समुद्रावरूनच येतो. ‘चिन्हे’ म्हणावे असे कुणी सुचवील, पण मला लक्षणेच हवी. चिन्ह नुसते दिसते. लक्षण वैद्य पाहतो तेव्हा त्याला रोगाचे नाव सांगावे लागते आणि औषधही द्यावे लागते. शिवाय ‘याची लक्षणं काही ठीक दिसत नाहीत’ या वाक्यात जी काळजी आहे, ती चिन्हांत नाही.

१९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगाविषयीच्या दस्तऐवजात चर्चचे कर्तव्य सांगितले तेही याच शब्दांत: काळाची लक्षणे तपासावी आणि त्यांचा अर्थ शुभवर्तमानाच्या प्रकाशात लावावा. स्विस धर्मपंडित कार्ल बार्थ यांच्या नावावर सांगतात की एका हातात बायबल आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्र घ्या, पण वर्तमानपत्राचा अर्थ बायबलवरून लावा. मराठीत हे किती सहज होते पाहा. एका हातात शुभवर्तमान, दुसऱ्या हातात वर्तमानपत्र.

आपल्याकडे हे काम नवीन नाही, म्हणून तुम्ही बिचकू नका. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ काढला तो १८४२ साली, म्हणजे ‘दर्पण’ हे पहिले मराठी वर्तमानपत्र निघाल्यावर अवघ्या दहा वर्षांनी. त्यात परधर्मावर टीका करताना जो तुच्छतेचा सूर लागे, तो मला मुळीच मान्य नाही. पण त्याच ज्ञानोदयाने १८५५ साली मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध छापला. जोतीराव फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी ही पोर विचारत होती की वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता? मांग-महारांच्या दुःखाला पानावर जागा देणे, हेच त्या वेळी काळाचे लक्षण ओळखणे होते. १८९७ च्या प्लेगात पुण्यातल्या सरकारी बंदोबस्तात बायकांची आबाळ होत होती, तेव्हा पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र लिहून सरकारला जाब विचारला. राज्य ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचे होते आणि बाईही ख्रिस्ती होत्या, तरी त्यांनी गप्प बसणे पसंत केले नाही. अलीकडे वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिक चालवत होते. वसईचा हिरवा पट्टा बिल्डरांच्या घशात जातो आहे हे दिसल्यावर ते हरित वसईच्या चळवळीत उतरले. मासिकाचे नाव सुवार्ता, आणि संपादक झाडांसाठी, विहिरींसाठी रस्त्यावर. कुणी लेन्स लावली नव्हती.

लेन्सबद्दलही सांगून टाकतो. लेन्स बाहेरून आणून डोळ्यांवर चढवायची वस्तू आहे, कंटाळा आला की काढताही येते. मराठीत साधे ‘ख्रिस्ती दृष्टीने’ म्हणा. दृष्टिकोनसुद्धा मला जड जातो, पण आता तो रुळला आहे, असू द्या. आणि कृपा करून ‘ख्रिश्चन दृष्टी’ लिहू नका. ख्रिस्तापासून मराठीत विशेषण ख्रिस्ती: ख्रिस्ती माणूस, ख्रिस्ती लग्न, ख्रिस्ती वाङ्मय. इंग्रजी बोलताना ख्रिश्चन म्हणा, हवे तितके म्हणा.

सदराला ‘काळाची लक्षणे’ हे नाव द्या. ‘शुभवर्तमान’ हवेच असेल तर खाली छोट्या अक्षरांत ‘शुभवर्तमानाच्या प्रकाशात’ असे जोडा, आणि छापखान्यात शेवटचे मुद्रित तपासताना तो शब्द सलग आहे ना, एवढे स्वतः पाहा. अक्षरजुळणी करणारा माणूस तो हमखास तोडतो.