शांतता, आरोग्य आणि वस्तीच्या विकासासाठी काम करणारा आफ्रिकेतला एखादा तरुण नेता कोण?

माझं उत्तर : केनेडी ओडेडे. केनियाच्या राजधानीत, नैरोबीत, किबेरा झोपडपट्टीत वाढलेल्या या मुलाने २००४ मध्ये, विशीत असतानाच, फुटबॉलच्या निमित्ताने पोरं जमवली आणि त्यातून ‘शोफ्को’ (शायनिंग होप फॉर कम्युनिटीज) ही संस्था उभी राहिली. पुढे मुलींसाठी मोफत शाळा आणि दवाखानाही आला.

मला सगळ्यात भावतं ते पाण्याचं काम. अशा वस्तीत जमिनीलगतचा पाइप फुटला की शेजारच्या गटाराची घाण आत शिरते, शिवाय पाणीचोरी वेगळीच. म्हणून संस्थेने पाइप उंच खांबांवरून, थेट पत्र्यांच्या वरून नेले. खाली ठरलेल्या ठिकाणी लोक कॅन भरून घेतात. रोगराई रोखायची तर सुरुवात पाण्यापासूनच व्हायला हवी, आणि हे वस्तीतल्याच माणसाला नेमकं कळलं. २०१८ मध्ये संस्थेला हिल्टन मानवतावादी पुरस्कार मिळाला.