पोरं म्हणतात हिटलर भारी होता, काय करू?

प्रश्न: सर नमस्कार, मी नाशिकरोडला नववीला इतिहास शिकवते. दुसरं महायुद्ध आलं की मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास म्हणतं, "मॅडम काही म्हणा, हिटलर भारी होता, आपल्याकडे असाच माणूस पाहिजे." बाकीच्यांना युद्ध म्हणजे मोबाईलवरचा गेम. हातात जेमतेम पाच तास. सनावळ्या पाठ करून घेऊ की यांच्याशी वाद घालत बसू?
– एक शिक्षिका, जेलरोड

उत्तर: मॅडम, वाद तर अजिबात घालू नका. मी घातलाय एकदा, फळ्यावर मोठ्या अक्षरात विषय लिहून, हिटलर हिरो की व्हिलन, आणि वर्गातला सगळ्यात बोलका पोरगा त्याच्या बाजूने असा काही सुटला की टाळ्या त्यालाच पडल्या. चूक माझीच, विषयच तसा लावला होता.

सुरुवात पोलंडपासून नको, आपल्या शेजारच्या लष्करी कॅम्पपासून, देवळालीपासून करा. तोफांचे आवाज पोरांनी ऐकलेले असतात, पण गोरे शिपाई मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत याच कॅम्पात पडून असायचे आणि डोकं फिरलेल्याला इंग्रजीत 'डूलाली' म्हणतात तो शब्द आपल्या देवळालीचा, हे माहीत नसतं. एकदम जागी होतात. नाशिकरोडच्या नोटा छापायच्या प्रेसमध्ये कामाला असलेल्यांची पोरं वर्गात असतीलच, त्यांना सांगा की युद्धात चांदी पुरेना म्हणून 1940 ला सरकारने एक रुपयाची नोट परत काढली.

मग विचारा, भांडण तिकडचं, आपण कशाला मध्ये? 3 सप्टेंबर 1939 ला व्हाइसरॉय लिनलिथगोने इथल्या एकाही पुढाऱ्याला न विचारता भारत युद्धात उतरल्याचं जाहीर करून टाकलं, काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, आणि तरीही भरती होत होत फौज 25 लाखांवर गेली. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे त्यातलेच. 10 जुलै 1944 ला इटलीत टायबरच्या खोऱ्यात तुकडीतली माणसं पडल्यावर एकट्याने मशीनगनवर धावून गेले, ती घेतली आणि तिथेच गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर. रायगडचा पोरगा इटलीत कोणासाठी मेला, यावर एक अख्खा तास गेला तरी जाऊ द्या, माझ्या मते तोच तास पोरांच्या लक्षात राहतो.

आता मागचा बाक. भाषण देऊ नका, फळ्यावर फक्त शाळेपुरतं लिहा. एप्रिल 1933, जर्मन शाळा-कॉलेजात ज्यू मुलं किती घ्यायची यावर मर्यादा. 1935, ज्यूंचं नागरिकत्व गेलं. नोव्हेंबर 1938, दुकानं फोडली, प्रार्थनास्थळं जाळली आणि उरलीसुरली ज्यू पोरंही सरकारी शाळेतून बाहेर. पुढे 60 लाख ज्यू मारले गेले हा आकडा नंतर सांगा, आधी सांगितला तर तो नुसता आकडाच राहतो. आधी विचारा, शेजारच्या बाकावरचा एक दिवस यायचाच बंद झाला तर तुम्ही सरांना विचाराल का कुठे गेला म्हणून? (नाटक मात्र बसवू नका, कोणाला तरी ज्यू करायचं आणि बाकीच्यांनी हसायचं, असं होतं ते.)

आणि "आपल्याकडे असाच पाहिजे" म्हणणाऱ्याला एवढंच सांगा की या माणसाने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, भारत दुसऱ्या कोणाकडे जाण्यापेक्षा इंग्रजांच्याच ताब्यात राहिलेला बरा. वर्ग गप्प होतो, अनुभव आहे.

त्यावर लगेच हात वर येईल, मग नेताजी त्याला का भेटले? टाळू नका हा प्रश्न, पोरांना वाटतं मॅडम काहीतरी लपवतात. 29 मे 1942 ला भेट झाली, सुभाषबाबूंना इंग्रज घालवायचे होते आणि मदत मिळेल तिथून पाहिजे होती, पण स्वतंत्र भारताची जाहीर घोषणा काही हिटलरने केली नाही. 1943 च्या फेब्रुवारीत नेताजी जर्मनीहून पाणबुडीने पूर्वेकडे निघाले. नकाशावर तो मार्ग पोरांनाच काढायला लावा, आफ्रिकेला वळसा घालून. सनावळ्यांचं म्हणाल तर त्या नकाशाच्या कडेला लिहून घ्या, परीक्षेपुरत्या होतात पाठ.