अटींवर हरकत घेण्यापूर्वी

इंदूर

सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेला भूखंड पाडण्याच्या परवानगीचा आदेश, त्यासोबतचा ले-आउट आणि जमीनमालक बंधूंचे संतापाने लिहिलेले पत्र मी सावकाश वाचले. सांवेर तहसिलीतली ही जमीन अर्धी आपसांत वाटून शेतीलाच ठेवायची आणि रस्त्याकडच्या भागात भूखंड पाडायचे, असा त्यांचा बेत आहे. आदेशातल्या अटी जाचक आहेत, तेव्हा तू लगेच उच्च न्यायालयाच्या खंडपीठात याचिका दाखल करण्याची व्यवस्था करावीस, अशी त्यांची मागणी दिसते. तू तसे करू नयेस, असे माझे स्पष्ट मत आहे. कायद्यात अपिलाची वाट असताना थेट दाखल झालेली याचिका बहुधा त्याच वाटेकडे परत पाठवली जाते, आणि तोवर अपिलाची मुदत निघून गेलेली असते.

आधी दोन प्रकरणे एकमेकांपासून वेगळी कर. भावाभावांतली वाटणी हा मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम १७८ चा विषय आहे. तो तहसीलदारांपुढे चालतो, आणि त्यात कोणी मालकीचाच प्रश्न उपस्थित केला तर दिवाणी दावा लावता यावा म्हणून तीन महिने कामकाज थांबवावे लागते. भूखंड पाडणे हा मात्र नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, १९७३ च्या कलम २९ आणि ३० चा विषय आहे. अर्जात संपूर्ण खसरा नंबर (जमिनीचा सर्व्हे नंबर) लिहिला गेल्यामुळे विकासाच्या अटी शेतीच्या भागालाही लागू झाल्या. बटांकन होऊन शेतीच्या हिश्शाला स्वतंत्र नंबर आणि नकाशावर स्वतंत्र रेघ मिळाली, की बंधूंच्या तक्रारीतला बराच भाग कोणाशीही न भांडता मिटेल.

उरलेल्या अटींसाठी कलम ३० पुन्हा वाच. अट घालण्याचा अधिकार तेथे दिलेला आहे, आणि ती अट का घातली हे आदेशातच नमूद करण्याचे बंधनही तेथेच आहे. आदेशाची वैधता त्यात लिहिलेल्या कारणांवरूनच तपासायची असते, मागाहून प्रतिज्ञापत्रातून नवी कारणे जोडता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मोहिंदर सिंग गिल (१९७८) प्रकरणात सांगून ठेवले आहे. म्हणून माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली आजच अर्ज देऊन नस्तीतली (फाइलमधली) नोटशीट, म्हणजे अधिकाऱ्यांचे शेरे, आणि स्थळ निरीक्षणाचा अहवाल माग. उत्तर यायला ३० दिवस लागू शकतात आणि त्यासाठी अपिलाची मुदत थांबत नाही, याचे भान ठेव.

रस्त्यालगतची पट्टी पंचायतीला विनामूल्य हस्तांतरित करावी, ही अट सर्वाधिक वादाची आहे, आणि तिच्यात दोन मागण्या एकत्र झाल्या आहेत. १ जानेवारी २००८ पासून लागू झालेल्या इंदूर विकास योजना २०२१ च्या नकाशात हा रस्ता रुंद दाखवला असेल, तर तेवढी पट्टी मोकळी सोडायला सांगणे रास्त आहे आणि त्यावर हरकत घेऊ नये. मालकी फुकट देणे ही मागणी मात्र निराळी आहे. ले-आउट मंजूर करताना महापालिका मोकळ्या जागेची विश्वस्त म्हणून व्यवस्था पाहू शकते, परंतु कायद्यात तरतूद नसताना ती जागा विनामूल्य स्वतःच्या नावावर करून मागू शकत नाही, असा निर्णय चेतराम वशिष्ठ विरुद्ध दिल्ली महापालिका (१९९५) या प्रकरणात झालेला आहे. तो निर्णय दिल्लीच्या कायद्यात तशी तरतूद नव्हती यावर उभा आहे, म्हणून आपल्या अधिनियमात आणि नियमांत ती आहे का, हे स्वतः शोधल्याशिवाय त्याचा आधार घेऊ नकोस.

मला खरी काळजी वाटते ती जुनी वाट चालू ठेवण्याच्या अटीची, जिला बंधूंनी पत्रात अडीच ओळींत झटकून टाकले आहे. पलीकडच्या शेतकऱ्यांची वहिवाट नाल्याच्या उंच काठाने जाते. माळव्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात दुसरीकडून गाडी नेताच येत नाही, म्हणूनच ती तिथे पडली असावी. तुझ्या ले-आउटमध्ये तुम्ही वाट ठेवली आहे, पण ती भूखंडांच्या कडेने काटकोनात वळवली आहे. सोयाबीन काढल्यावर भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर त्या कोपऱ्यावर वळणार नाही. तो एक तर कोपऱ्यावरच्या भूखंडावर चढेल किंवा नाल्यात उतरेल. कागदावर अट पूर्ण होते आणि शेतकऱ्याची वाट बंद पडते. अशा अटीवर जिंकलेले अपील पुढच्याच सुगीत मारामारीपर्यंत जाते. वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे गावच्या रिवाजांच्या नोंदवहीत, या वाटेची नोंद आहे का, ते पाहा. रिवाज आणि सर्वांची सोय पाहून अशा वाटेचा निर्णय देण्याचा अधिकार संहितेच्या कलम १३१ प्रमाणे तहसीलदारांना आहे, पण त्यांच्यापुढे जाण्याची वेळच येऊ नये. चांद्यापासून (मोजणीच्या पक्क्या खुणेपासून) मोजणी करून घे, त्या शेतकऱ्यांना जागेवर बोलाव, ट्रॉली प्रत्यक्ष वळवून पाहा आणि कोपऱ्यावरचा भूखंड तिरका कापून दे. एका भूखंडाचे क्षेत्र थोडे कमी होईल. बंधूंना ते पटवणे अवघड जाईल, तरी पटवलेच पाहिजे.

शेजाऱ्याच्या जमिनीतून पोहोच रस्ता रुंद करून देण्याची अट अर्जदाराच्या हातातली नाही, एवढे एका परिच्छेदात लिहिले तरी पुरे. तिच्याऐवजी आपल्या हद्दीतली रुंदी आणि मोरी यांचा प्रस्ताव आकृतीसह जोड. अधिकाऱ्यापुढे नुसती हरकत ठेवली तर त्याला नाही म्हणणे सोपे जाते. अटीचा हेतू राखणारा पर्यायी मसुदा समोर असला, तर त्याला नोटशीटवर लिहायला आधार मिळतो.

नगर तथा ग्राम निवेश अधिनियमाच्या कलम ३१ चे अपील केवळ नकाराविरुद्ध असते असा समज पसरलेला आहे, तो चुकीचा आहे. सशर्त परवानगीविरुद्धही ते करता येते. दरम्यान बंधूंना कोणत्याही करारावर किंवा शपथपत्रावर बिनशर्त सही करू देऊ नकोस. काही भरणे किंवा लिहून देणे भागच पडले, तर ‘अपिलाचा हक्क राखून’ असे त्याच कागदावर लिहून घे. विकासकामाच्या हमीसाठी २५ टक्के भूखंड गहाण ठेवण्याची अट येथे नेहमीची आहे, तिच्यावर शक्ती घालवू नये. आणि प्रकरण मिटेपर्यंत एकाही भूखंडाचा बयाणा घेतला जाणार नाही, हे त्यांच्याकडून लेखी घे. बयाणा देणारा माणूस पुष्कळदा आयुष्याची बचत घेऊन आलेला असतो आणि अटींचा वाद त्याला कोणी सांगितलेला नसतो.

वाजिब-उल-अर्जची नक्कल, मोजणीचा नकाशा आणि अपिलाचा मसुदा एकत्रच पाठव. मुदत आदेश कळल्याच्या तारखेपासून मोजायची आहे, म्हणून तो ज्या पाकिटातून आला ते पाकीटही जपून ठेव.

तुझा शुभचिंतक